वय गेलं, मराठी आहोत, उंची कमी : फायरमन भरतीबद्दलचे समज

तेलंगणात आता सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत सरकारी नोकरी मिळते, हे हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजारातल्या मराठी घरांत कुणीही छातीठोकपणे सांगेल. हे अर्धंच खरं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने थेट भरतीची कमाल वयोमर्यादा 44 वरून 46 केली खरी. पण पोलीस, अग्निशमन अशी गणवेशातली खाती त्यातून वगळली. तिथे वयाची अट भरतीच्या जाहिरातीत वेगळी असते आणि वय मोजायची तारीखही त्यातच दिलेली असते.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे ‘वर्षभराने वय गेलं, विषय संपला’. एप्रिल 2022 मध्ये फायरमनच्या 610 जागा पोलीस भरती मंडळाच्या जाहिरातीत आल्या, तेव्हा वयात 3 वर्षांची सूट होती. अर्ज भरणं चालू असतानाच मे महिन्यात आणखी 2 वर्षं वाढवली आणि शेवटची तारीख 20 वरून 26 मे झाली. आधीच आशा सोडून बसलेल्यांना हे कळलं तरी का, कोण जाणे. दर वेळी असं होईल, या भरवशावर मात्र राहू नये. मागासवर्गीयांची सवलत आणि माजी सैनिकांची वजावट या वेगळ्या. त्या धरूनच आपलं वय मोजावं.

आता खरी भीती : ‘आपण मराठी, आपल्याला इथे कोण घेणार?’ मातृभाषेचा इथे संबंधच नाही. 2018 च्या राष्ट्रपती आदेशानुसार 95 टक्के जागा स्थानिकांसाठी असतात आणि स्थानिक कोण, हे शाळा ठरवते. पहिली ते सातवीपैकी किमान चार वर्षं जिथे शिकलात, तिथले तुम्ही. जांबागेतल्या विवेकवर्धिनीत प्राथमिक शिक्षण झालेला मुलगा हैदराबादचा. आदिलाबादच्या मराठी गावात शिकलेला आदिलाबादचा. याउलट सातवीपर्यंत नांदेडला शिकून कॉलेजसाठी इकडे आलेला, रेशनकार्ड-मतदार ओळखपत्र सगळं इथलं असलं तरी, स्थानिक ठरत नाही. उरलेल्या 5 टक्क्यांतच त्याला झुंजावं लागतं. म्हणून शाळा बदलल्या असतील तर प्रत्येक शाळेचा दाखला आधीच काढून ठेवावा. ऐन वेळी जुनी शाळा बंद पडलेली निघते आणि मग सरकारी कार्यालयांच्या खेपा सुरू होतात.

विज्ञान शाखा लागते, हेही खरं नाही. 2022 मध्ये फायरमनसाठी इंटरमीजिएट म्हणजे आपली बारावी पुरेशी होती.

उंचीच्या बाबतीत मुंबईची अट ऐकून इथली मुलं उगाच खचतात. मुंबई अग्निशमन दलाच्या 910 जागांच्या भरतीत पुरुषांना 172 सेंटीमीटर लागत होते. इथे 167.6. तिकडे नापास होणारा 170 चा मुलगा इकडे चालतो. मग असतं धावणं : 1600 मीटर, 7 मिनिटं 15 सेकंदांत. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे दर फेरीला साधारण 1 मिनिट 48 सेकंद. ऐकायला सोपं वाटतं. पहिली फेरी सव्वा मिनिटात मारणारा तिसरीला हमखास गळतो, म्हणून सराव घड्याळ लावूनच करावा. दम कशासाठी लागतो, हे मार्च 2023 मध्ये सिकंदराबादच्या स्वप्नलोक संकुलातल्या आगीने दाखवलं. तिथे सहा जण धुराने गुदमरून गेले. अशा धुराने भरलेल्या जिन्यात जवानाला पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन चढावं लागतं.

‘बायकांचं काम नाही’ म्हणणाऱ्यांना नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांचं नाव सांगावं. 2002 मध्ये राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिरणाऱ्या त्या पहिल्या महिला. मात्र महिलांसाठी जागा आहेत का, हे दर जाहिरातीत पाहावं लागतं.

राहिली जुनी पोलीस केस. कॉलेजातल्या मारामारीचा गुन्हा नोंदला होता, आता नोकरी विसराच, असं समजून काहीजण अर्जच करत नाहीत. काहीजण करतात, पण अर्जातला गुन्ह्याचा रकाना कोरा सोडतात. दुसरं जास्त महागात पडतं. अवतार सिंग खटल्यात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती खरी आणि पूर्ण द्यायलाच हवी. खरी माहिती दिली तरी नेमणूक द्यायची की नाही हे खातं ठरवतं. पण क्षुल्लक गुन्ह्याकडे ते काणाडोळाही करू शकतं.