मोझार्टच्या व्हेरिएशन्समधील पट्टी आणि हार्मनी : एका परिचित चालीचे विश्लेषण

आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणारे विद्यार्थी एकाच वर्गात आढळतात. ‘ट्विंकल ट्विंकल’ या बालगीताची चाल यांपैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. ही चाल मूळची अठराव्या शतकातील फ्रान्समधली. जेन टेलरची इंग्रजी कविता १८०६ सालची, ती चालीला नंतर जोडली गेली. त्याआधीच मोझार्टने या चालीवर पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स रचली होती (कोशेल क्रमांक २६५). पूर्वी ही रचना १७७८ची मानली जाई. हस्ताक्षराच्या अभ्यासावरून आता ती १७८१-८२ची ठरते. १७८५ मध्ये ती व्हिएन्नात छापली गेली.

विश्लेषणासाठी पियानो हवाच असे नाही, पेटी पुरते. एका विद्यार्थ्याने भाता मारत खालचे सूर धरावेत, दुसऱ्याने वरची चाल वाजवावी. पट्टी पांढरी एक.

पहिल्या आठ मात्रागटांत चाल सा, प, ध, प अशी चढून म, ग, रे, सा अशी उतरते. ती एकटी वाजवली तर हार्मनी ऐकू येत नाही. ती खालच्या सुरांवरून ठरते. सहाव्या गटात चालीचा ग दोनदा येतो. पहिल्या वेळी खाली सा असतो, दुसऱ्या वेळी ध. वरचा सूर तोच, तरी त्याचा अर्थ पालटतो : पहिला सा-ग-प या कॉर्डचा, दुसरा ध-सा-ग या कॉर्डचा. विद्यार्थ्यांना हार्मनी समजते ती इथे. व्याख्या पाठ करून नव्हे. सातव्या गटात रेखाली म आणि मग प येतो, आणि हा प पुढच्या साकडे ओढ निर्माण करतो.

चालीचा मधला भाग पपासून सुरू होऊन रेवर थांबतो. इथे पट्टी बदलली असे उत्तर हमखास मिळते. ते चुकीचे आहे. प हा नवा षड्ज झाला असता तर तीव्र मध्यम आला असता. मूळ चालीत म शुद्धच राहतो. हा मुक्काम फक्त पंचमाच्या कॉर्डवरचा आहे, घर अद्याप साच आहे.

आठव्या व्हेरिएशनमध्ये चूक याच्या उलट बाजूने होते. तेथे मेजरऐवजी मायनर येतो, गंधार व धैवत कोमल होतात, आणि ऐकणाऱ्याला पट्टीच हलल्यासारखे वाटते. वस्तुतः षड्ज जागचा हलत नाही. साकडे परतताना नी शुद्ध ठेवला जातो, कारण पंचमाच्या कॉर्डची ओढ त्याच्यावाचून ढिली पडते. कर्नाटक संगीत जाणणारे तेलुगू अध्यापक मूळ चालीच्या स्वरांना शंकराभरणम् आणि या स्वरांना कीरवाणी म्हणतील. स्वर जुळतात म्हणून राग जुळतो असे मात्र नाही. रागाला चलन असते. नवव्या व्हेरिएशनमध्ये शुद्ध गंधार परततो तेव्हा वर्गाला विचारावे : सा कुठे गेला होता?