मूळ नोंद, जशीच्या तशी

इंदूरहून महूकडे निघालं की राऊ लागतं. टेकडीवर आयआयएमचा परिसर. मराठी पुस्तकांना हा मुलूख परका नाही. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलनं भरली. इथल्या एखाद्या मराठी संग्रहाची सूची दुसऱ्या ग्रंथालयाला पाठवायची झाली, तर काम पडतं ते एक्सएसएलटीशी, म्हणजे एक्सएमएल फाइलचं रूपांतर करणाऱ्या भाषेशी.

समजा, सूची कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यातली नोंद मार्क या ग्रंथालयीन नोंदपद्धतीची असते आणि ती एक्सएमएलमध्ये बाहेर काढता येते. लेखक १०० क्रमांकाच्या फील्डमध्ये, शीर्षक २४५ मध्ये. बारकोड, किंमत, पुस्तक कुठल्या कपाटात हे सगळं ९५२ मध्ये. समोरच्या ग्रंथालयाला या ९५२ चा काही उपयोग नाही. तेवढं गाळायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं द्यायचं.

घाईत माणूस हव्या त्या फील्डची यादी करतो आणि तेवढीच उचलतो. मराठीचं नुकसान होतं ते इथे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची नोंद दोन्ही लिप्यांत असेल, तर पुष्कळदा २४५ मध्ये रोमन शीर्षक असतं आणि देवनागरी रूप ८८० मध्ये. यादीत ८८० राहून गेलं की पुस्तक पोचतं, पण त्याची लिपी मागे राहते. कुठेही चूक दाखवली जात नाही.

म्हणून मी नेहमी उलट बाजूने सुरुवात करावी म्हणतो. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ ची. तिच्यातच 'आयडेंटिटी' टेम्प्लेट, म्हणजे जसंच्या तसं उतरवण्याचा नियम, लिहिता येतं: समोर येईल त्या घटकाची प्रत कर, मग त्याच्या अ‍ॅट्रिब्यूटना आणि पोटातल्या घटकांना हाच नियम लाव. 'कॉपी' ही आज्ञा फक्त तो एक घटक उचलते, म्हणून पुढे उतरायला सांगावं लागतं. 'कॉपी-ऑफ' अख्खं झाड एकदम उचलते, पण मग आत कुठे हात घालता येत नाही. आता ९५२ साठी वेगळं, रिकामं टेम्प्लेट लिहायचं. नेमक्या घटकाचा नियम सरसकट नियमाच्या वर चढतो, आणि ९५२ तेवढं गळतं. ८८० ची आठवण ठेवावीच लागत नाही. मला या रचनेत फार मोठी सभ्यता दिसते: ज्याबद्दल आपल्याला काही म्हणायचं नाही, त्याला हात लावायचा नाही.

एक फसगत मात्र ठरलेली. मार्कच्या एक्सएमएलला स्वतःचं नेमस्पेस, म्हणजे घटकांच्या नावांमागची ओळख, असतं. टेम्प्लेटमध्ये ते जाहीर केलं नाही तर ९५२ चा नियम कशालाच लागू पडत नाही आणि किंमत-बारकोड निमूट परगावी जातात. आयडेंटिटी टेम्प्लेटच विसरलं तर एक्सएसएलटीचे अंगभूत नियम चालतात: खुणा सगळ्या जातात, उरतो नुसता सलग मजकूर.

एक्सएसएलटीच्या २०१७ च्या ३.० आवृत्तीत आयडेंटिटीचा सगळा नियम एका ओळीत मावतो. कोहा मात्र १.० वरच चालतं, तेव्हा तिथे तो पूर्ण लिहावा. पाठवण्यापूर्वी मूळ फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून पाहावी. फरक दिसावा तो फक्त ९५२ चा.