चैत्रात उघडणारी घरे

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी फाल्गुनाच्या अखेरीस वऱ्हाडातून धावते, तेव्हा दोन्ही अंगांना पळस फुललेला असतो आणि शेतांत हरभऱ्याचे खळे आटोपत आलेले असते. या मार्गावरील वाशीम जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावालाच लोहमार्ग चिकटला आहे: जऊळका रेल्वे. पूर्वीचा मीटरगेज मार्ग 2008 मध्ये रुंद झाला. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर याच मालेगाव तालुक्यात असल्याने हा टापू जैन कुटुंबांना अनोळखी नाही. वडिलोपार्जित दुकान, ओटा, मागे परसू आणि मध्ये राहते घर, अशी वास्तू या भागातील गावांत अनेक व्यापारी घराण्यांनी बांधली. पुढे मुले अकोल्याला, पुण्याला, त्याहूनही दूर गेली. घर मात्र कुलूपबंद राहिले. ते वर्षातून एकदा, बहुधा पाडवा ते महावीर जयंती या दिवसांत उघडते, आणि उघडताक्षणी तोच प्रश्न पुढे येतो: पाडावे की राखावे?

या प्रश्नाचे उत्तर गवंड्याकडे मागण्याआधी कागदांकडे मागावे लागते. गावठाणातील अनेक घरे अजून आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर आहेत. स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाली, ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली आणि मिळकत पत्रिका मिळू लागल्या. पण पत्रिकेवर कोणाचे नाव यावे हा प्रश्न ड्रोन सोडवीत नाही. येथे बहुतेक कुटुंबांना बहिणींची आठवण उशिरा होते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तरीही भाऊ-भाऊ बसून घराचा निर्णय करतात आणि बहिणीकडे केवळ सहीसाठी कागद पाठवितात, हे दृश्य दुर्मीळ नाही. ज्या आत्याचे लग्न त्याच ओसरीवर लागले, तिला घर पाडल्याची वार्ता तिसऱ्याकडून कळते. कायद्याच्या दृष्टीने तर हे चूक आहेच. पण पुढे वीस वर्षे दिवाळीला एकमेकांकडे न जाण्याचे कारणही अनेकदा हेच ठरते. दुरुस्तीचा खर्च कोणी किती उचलावा आणि त्या बदल्यात हिश्शात काय बदल व्हावा, हे माळवदाची पहिली कडी काढण्यापूर्वी लिहून ठेवलेले बरे. पेढीवर पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरांनी स्वतःच्या भिंतींचा हिशेब तोंडी का ठेवावा?

आता माळवदाकडे. वऱ्हाडात त्याला धाबे असेही म्हणतात. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा कामट्या, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर गेला तरी खालची खोली सुसह्य राहते, हा तिचा गुण. दोष तिच्या देखभालीत दडलेला असतो. दरवर्षी पावसाआधी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती टाकली जाते, जुनी काढली जात नाही. पिढ्या लोटतात, थर वाढत जातो. एक फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते. पाऊस मुरला की त्यात आणखी भर पडते. तुळई वाकलेली दिसते ती म्हातारपणाने नव्हे, या ओझ्याने.

जुन्या घरांच्या प्रेमात पडलेल्यांनी येथे थोडे थांबावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे अशाच मातीच्या जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींखाली दबून गेली. त्यानंतर पुष्कळांनी माळवद उतरवून टिन चढविले. भीती खरी होती; उपाय मात्र अर्धाच होता, कारण भिंती तशाच राहिल्या आणि उन्हाळा असह्य झाला. राखण्याजोगे घर असेल तर पहिले काम माती उतरविण्याचे आहे. साठलेला सगळा थर काढावा, कड्या-तुळया उघड्या करून ठोकून पाहाव्यात, पोकळ आवाज देणाऱ्या बदलाव्यात आणि मग मोजका थर किंवा हलके छप्पर घालावे. दगडी भिंतीचे आतले व बाहेरचे पदर सुटलेले असतील, तर आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतराने बसवून ते पुन्हा एकमेकांना धरावेत. हे काम अनुभवी अभियंत्याला दाखविल्याशिवाय करू नये; मिस्त्री कितीही जाणता असला तरी.

दुसरा शत्रू बाहेरून आणलेला असतो. जुन्या भिंतीचा चुन्याचा गिलावा सुटला की सिमेंटचा चोपडा गिलावा करून मोकळे होण्याचा मोह होतो. पायथ्यातून ओल भिंतीत चढते. चुना तिला बाहेर पडू देतो, सिमेंट अडवितो. मग ती आतल्या आत वर सरकते, क्षार घेऊन येते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागतो. काळ्या कापसाच्या जमिनीत हे अधिक जाणवते. ही जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्याबरोबर पायाही थोडा हलतो. चुना ती हालचाल बऱ्याच अंशी सोसतो, कडक सिमेंट मात्र तडकते.

चुन्याचे काम सावकाशीचे आहे. चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे मुरवावा लागतो, मग त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून घाणीत मळावा लागतो. गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा अशा जिनसा त्यात घालण्याची चाल होती. चेट्टीनाडच्या आरशासारख्या गिलाव्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरला जाई. जैन घरांना बेलफळ आणि गूळ पुरेसे आहेत. कारंजा लाडच्या कस्तुरी हवेलीची आख्यायिका तर सर्वांना ठाऊक आहे. विकली न जाणारी कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचा सगळा माल तेथील जैन सावकाराने विकत घेतला आणि बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकला, असे सांगतात. ऐपतीचा हा दिमाख बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: त्या काळी चुन्यात काय घालावे, हा चर्चेचा विषय होता.

आणि येथेच ऋतू कामी येतो. गिलावा ओलसर राहील तोवरच चुना हवेतील कर्बवायू शोषून घट्ट होत जातो. वैशाखाच्या झळांत तो वरच्या वर वाळतो आणि भुसभुशीत राहतो; श्रावणात वाळतच नाही. म्हणून गिलाव्याचे काम फाल्गुन-चैत्रात, तेही सकाळी लवकर, गोणपाटाचे पडदे लावून आणि दिवसातून अनेक वेळा तराई करून उरकावे. वैशाखात सुताराचे आणि छपराचे काम. मृगापूर्वी सर्व बंद. चातुर्मासात खोदकाम-बांधकाम टाळण्याची जी रीत जैन घरांत आहे, तिच्याशी हे वेळापत्रक आपोआप जुळते.

श्रावकाला घर बांधताना होणारी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. तिला आरंभी हिंसा म्हटले आहे आणि तिच्यात यतना अपेक्षिली आहे. जुन्या घरात या यतनेचे रूप फार ठोस असते. माळवदाच्या कडेला, खांबांच्या बेळक्यांत चिमण्या घरटी करतात, आणि त्यांचा विणीचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. काम सुरू करण्याआधी सगळ्या खोबणी पाहून घ्याव्यात; ज्या भागात पिले आहेत, तो भाग शेवटी घ्यावा. यासाठी आठ-पंधरा दिवस थांबण्याने ठेकेदाराचा चेहरा पडतो, हे खरे.

वाळवीचा प्रश्न याहून अवघड. औषध टोचणारे लोक एका दिवसात काम संपवितात, आणि घरातील ज्येष्ठांना ते रुचत नाही. मधला मार्ग आहे, पण त्याला देखरेख लागते. वाळवी ओलीच्या मागे येते. खांबाचा सडलेला बुंधा कापून तेथे जुन्या सागाचा तुकडा सांधावा, खांब दगडी तळखड्यावर उचलून घ्यावा, लाकूड मातीला कोठेही टेकू देऊ नये, न्हाणीचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे आणि लाकडाला जवसाचे तेल द्यावे. मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, हे दर महिन्याला पाहावे. पोखरलेली तुळई जाळू नये; गावाबाहेर सावलीत ठेवून द्यावी. बंद घरात हा मार्ग चालत नाही. महिन्यातून एकदा कोणी दार उघडणार नसेल, तर अहिंसक उपाय केवळ बोलण्यापुरता राहतो.

राहिला परसू. शहरातून आलेल्यांना वसंत आला की रोपे लावावीशी वाटतात. हे वऱ्हाडात चालत नाही. चैत्रात लावलेले रोप वैशाखात टँकरच्या पाण्यावर जगवावे लागते. वसंतात येथे असलेली झाडे राखायची असतात: निंबाला मोहर आलेला असतो, लिंबाला पाणी हवे असते, मोगरा बहरू लागतो. वाळलेल्या फांद्या छाटाव्यात, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, आणि सीताफळ, शेवगा, पारिजातकासाठी नुसते खड्डे खोदून उन्हाला उघडे ठेवावेत. पावसाळ्यातील ओल्या मातीपेक्षा या दिवसांत जमिनीत जीवही कमी असतात.

आड बुजविण्याची घाई तर मुळीच करू नये. अनेक घरांत बोअर आल्यावर आडावर फरशी टाकली गेली. जुन्या बाया त्याच आडाचे पाणी गाळून घेत आणि गाळण्यावरची जिवाणी हलक्या हाताने पुन्हा त्याच पाण्यात सोडीत. त्या वास्तूतील पाण्याची शिस्त अशी आडाभोवती उभी होती. आज तोच आड पुनर्भरणाच्या कामी येतो. 100 चौरस मीटर छपरावर 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर 70,000 लिटर पाणी होते. पहिल्या दोन-तीन सरी वाहू देऊन पुढचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून आडात सोडले, तर त्याचा मोठा भाग जमिनीत मुरतो. अहमदाबादच्या पोळांतील जैन घरांनी अंगणाखालच्या टांक्यांत हेच पाणी पिढ्यान्पिढ्या साठविले. ते शहर 2017 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा त्या घरांकडे नव्याने पाहिले गेले.

खर्चाचा अंदाज कोणी विचारला तर सरसकट आकडा सांगता येत नाही. तुळया किती गेल्या, यावर सारे अवलंबून असते. काही घरे खरोखर राखण्यापलीकडे गेलेली असतात. अशा घराची निदान चौकट, खांब आणि बंगईच्या कड्या उतरवून नव्या घरात बसवाव्यात, आणि पाडण्यापूर्वी भिंतीतले बळद उघडून पाहावे. धान्याबरोबर तेथे जुन्या वह्याही ठेवल्या जात. बहिणींना, आत्यांना त्या दिवशी बोलवावे. कोणत्या कोनाड्यात दिवा असे आणि कोणत्या खोलीत कोण जन्मले, हे त्यांनाच ठाऊक असते.

ज्यांचे घर राखले गेले, त्यांची एक फेरी मात्र अजून उरते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर कोणीतरी जऊळक्याला उतरायला हवे. माळवद कोठे टिपकते ते पाहायला, पन्हाळीत अडकलेला पाला काढायला आणि चैत्रात खोदून ठेवलेल्या खड्ड्यांत रोपे लावायला.