‘अंगात रक्त नाही’ म्हणजे नेमके काय?

वैजापूर तालुक्यातील कोणत्याही गावात, मग ते शिऊर असो, महालगाव असो वा बोरसर, आजारपणाची चौकशी केली की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘अंगात रक्त नाही.’ बाळंतिणीविषयी ते बोलले जाते, शाळेत पेंगणाऱ्या मुलीविषयी बोलले जाते आणि जिना चढताना धापा टाकणाऱ्या आजोबांविषयीही बोलले जाते. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. औषधाच्या दुकानातून लाल रंगाच्या टॉनिकची बाटली आणायची, चार दिवस बीट खायचे आणि देवावर हवाला ठेवायचा. देवावरील विश्वास योग्यच आहे. परंतु बाटली विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जात नाही, आणि तोच प्रश्न आम्हांस वाचक बंधुभगिनींपुढे ठेवायचा आहे. रक्त कमी झाले हे खरे, पण ते कशामुळे?

प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालील बालकांत तर ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. गोळ्या वाटल्या गेल्या, शिबिरे झाली, आणि तरीही आकडा वर चढला.

रक्तक्षय हे, ताप या शब्दाप्रमाणेच, एका रोगाचे नाव नव्हे. ते लक्षण आहे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगजात, तयार होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्यात लोह असते आणि त्या लोहाला धरूनच प्राणवायू फुफ्फुसांतून शरीरभर पोहोचतो. पुरुषात १३, स्त्रीत १२ व गर्भवतीत ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन (दर १०० मिलिलिटर रक्तामागे) आढळले, तर त्यास ढोबळमानाने रक्तक्षय म्हणतात. आता ही कमतरता तीन वाटांनी येऊ शकते. पेशी पुरेशा तयार होत नसतील, तयार झालेल्या वेळेआधी फुटत असतील, किंवा रक्त शरीराबाहेर वाहून जात असेल. वाट वेगळी तसे औषध वेगळे.

आपल्या भागात सर्वाधिक आढळतो तो लोहाच्या अभावाचा रक्तक्षय. मासिक पाळीत अधिक रक्त जाणे, लागोपाठची बाळंतपणे, अनवाणी शेतात वावरताना पायाच्या त्वचेतून शिरणारे आकडेकृमी आणि अपुरा आहार ही त्याची नेहमीची कारणे. मार्कच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री (मार्क ५:२५-३४) आपण सर्वांनी ऐकली आहे. अनेक वैद्यांकडे तिने सारी पुंजी घालवली होती. आजच्या भाषेत तिला लोहाभावाचा रक्तक्षयही नक्कीच असणार, असे आम्हांस ते वाचन ऐकताना नेहमी वाटते. आमच्या धर्मग्रामांतही अशा बहिणी आहेत. अतिरक्तस्राव हा स्त्रीजातीचा भोगच, अशा समजुतीने त्या वर्षानुवर्षे काही बोलत नाहीत. त्यांना नुसत्या लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. प्रथम रक्तस्राव थांबला पाहिजे. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी आढळले, तर मूळव्याध, जठरातील व्रण किंवा आतड्याचा कर्करोग यांपैकी काही रक्त खात नाही ना, हे तपासून घेणे डॉक्टर आवश्यक मानतात. तेथे टॉनिक पीत बसणे धोक्याचे आहे.

आहाराविषयी थोडे स्पष्ट बोलू. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवते, ही समजूत रंगावरून झालेली आहे. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. डाळिंबाचीही तीच कथा. ज्या बाजरीला आपल्या आजीने कधी मोठे नाव दिले नाही, त्या बाजरीत मात्र १०० ग्रॅममागे ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. बाजरीच्या व पालेभाजीच्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो हे खरे. परंतु त्याच जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला तर तो भाग वाढतो आणि जेवणाला लागून चहा घेतला तर घटतो. लोहाची गोळी चहासोबत गिळणाऱ्यांची संख्या पाहता हे वाक्य दोनदा वाचावे अशी विनंती आहे. गोळीने शौचास काळी होते, त्यात भिण्यासारखे नाही. गर्भवतींसाठी शासनातर्फे मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असते आणि ती १८० दिवस रोज घ्यायची असते. लोहाचाच अभाव असेल, तर नियमित गोळ्यांनी महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम तरी वाढावयास हवे. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील साठा भरून निघण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

आणि महिनाभर गोळ्या घेऊनही ते वाढले नाही तर? हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका स्त्री-संशोधिकेपुढे उभा राहिला होता. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक भयंकर रक्तक्षय होई व त्यात पुष्कळ जणी दगावत. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत्या. लोहाभावात त्या लहान होतात. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून काम केले. आधी जंतुसंसर्गाचा संशय तपासला आणि तो फेटाळला. मग त्या स्त्रिया काय खातात, हे पाहिले. ताटात प्रथिने, फळे, पालेभाज्या नावालाच होत्या. प्राण्यांवर प्रयोग करताना यीस्टपासून बनविलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त, काळपट, खारट अर्काने गुण येतो असे दिसले. आणि तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अज्ञात पदार्थास काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा करण्यात आला व त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज जगभर गर्भवती स्त्रिया जी गोळी घेतात, तिच्या शोधाच्या मुळाशी मुंबईच्या गिरणीतील कामकरणी आहेत. याचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

फॉलिक ॲसिडसारखेच पेशी मोठ्या करणारे दुसरे कारण म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतच मिळते; वनस्पतीत नाही. म्हणून कडक शाकाहारी, दूधही न परवडणारे आणि पचनशक्ती मंदावलेले वृद्ध यांच्यात ते कमी पडते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा ही त्याची चिन्हे म्हातारपणाच्या नावावर खपून जातात. येथे एक फसगत संभवते. ब-१२ कमी असताना केवळ फॉलिक ॲसिड घेतले तर हिमोग्लोबिन सुधारते, अहवाल चांगला येतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. वेळ गेल्यास ती भरून येत नाही.

आतापर्यंतचे रक्तक्षय बव्हंशी ताटाशी व रक्तस्रावाशी संबंधित होते. आता जे सांगणार आहोत ते आईवडिलांकडून येतात. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतील केवळ एक दुवा बदललेला असतो; परंतु त्यामुळे प्राणवायू कमी झाला की गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप यांनी वेदनेचा झटका येतो. १९१० मध्ये अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीत आणि १९५८ मध्ये आपल्याच राज्यात, नागपूर येथे, त्या आढळल्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत हा आजार विशेष आहे. तो केवळ आदिवासींचा, ही समजूत मात्र चुकीची आहे. विदर्भातील अनुसूचित जातींत व इतर समाजांतही तो आहे. नोकरी, ऊसतोड, सोयरीक यांच्या निमित्ताने माणसे विदर्भ-खानदेशातून मराठवाड्यात येतात, जातात. वाहकत्व जातीच्या दाखल्यावर लिहिलेले नसते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध, लसीकरण, भरपूर पाणी आणि तापाकडे तातडीने लक्ष यांनी रुग्णाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते.

थॅलेसेमियाही असाच आनुवंशिक आहे. त्याच्या तीव्र प्रकारात बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि सतत रक्त दिल्याने हृदय व यकृतात साठणारे लोह काढून टाकण्यासाठी वेगळे औषध. आमची विशेष विनंती आहे ती त्याच्या वाहकांसाठी. वाहकाचे हिमोग्लोबिन किंचित कमी व पेशी लहान असतात. अहवाल वरवर लोहाभावासारखा दिसतो, म्हणून त्याला वर्षानुवर्षे लोह पाजले जाते, जे त्याला बहुधा नकोच असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया व सिकलसेल या दोन्हींचा समावेश आहे. पात्र रुग्णाच्या कुटुंबाने प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करावी.

याखेरीज मूत्रपिंडाचा जुनाट आजार, क्षयरोग, संधिवात यांतही रक्त कमी होते. तेथे मूळ आजारावर उपचार करावे लागतात. जी-सिक्स-पीडी या विकराचा जन्मजात अभाव असलेल्यांच्या पेशी हिवतापावरील प्रायमाक्विन किंवा कपाटातील डांबरगोळ्यांच्या संपर्काने अचानक फुटून कावीळ होते. अस्थिमज्जाच निकामी होण्याचा एक दुर्मीळ, गंभीर प्रकार आहे. याउलट काहींच्या रक्तात तांबड्या पेशी वाजवीपेक्षा जास्त होतात. रक्त दाट होऊन गुठळी होण्याचा धोका असतो आणि त्यावरचा एक उपाय ठरावीक काळाने रक्त काढणे हाच आहे!

मग करायचे काय? आम्ही वैद्य नाही. परंतु एक गोष्ट कोणीही करू शकतो. केवळ ‘एचबी’चा आकडा घेऊन परतू नये, संपूर्ण रक्तगणना, म्हणजे सीबीसी, करून घ्यावी. त्या कागदावर एमसीव्ही या अक्षरांपुढे पेशीचा आकार लिहिलेला असतो. तो ८० पेक्षा कमी असल्यास पेशी लहान, १०० पेक्षा जास्त असल्यास मोठ्या. लहान असतील तर लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी व थॅलेसेमियाची शंका, मोठ्या असतील तर ब-१२ व फॉलिक ॲसिड, असा विचार डॉक्टर पुढे करतात. वैजापूरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे. दोन्हीकडे जाताना जुने अहवाल सोबत न्यावेत.

शेवटी विवाहाविषयी. पती व पत्नी दोघेही सिकलसेलचे किंवा दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एक सिकलसेलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी धोका तेवढाच. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल फार तर वाहक होईल, रुग्ण होणार नाही. म्हणून वाहक मुलीचे स्थळ परत पाठवणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे. वाहक मुलाला तसे कोणी परत पाठवत नाही, हेही आम्ही पाहतो. गर्भात रुग्ण बाळ आहे असे कळल्यावर गर्भपाताचा जो मार्ग अनेकांना सुचवला जातो, तो ख्रिस्तसभा स्वीकारत नाही. तेव्हा आपल्यासाठी ही चाचणी गरोदरपणात नव्हे, तर साखरपुड्याआधी व्हायला हवी. वाहक असणे हा ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाहाचा अडथळा नाही. दोन वाहकांना सर्व काही जाणून, डॉक्टरांशी व धर्मगुरूंशी बोलून विवाह करता येतो. जाणून केला, एवढाच काय तो फरक. एचपीएलसी नावाची तपासणी, थोडेसे रक्त घेऊन, सिकलसेल व बीटा थॅलेसेमिया दोन्हींचे वाहकत्व दाखवते आणि ती सहसा आयुष्यात एकदाच करावी लागते. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिराला येताना वधूवरांनी बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर हा अहवालही आणावा.