गीतांतून उपमा, रूपक व प्रतीक

उपमा व रूपक यांच्या व्याख्या मुलांना मुखोद्गत असतात. परंतु अपरिचित ओळीचा अर्थ त्यांस उलगडत नाही. व्याख्या आधी व अनुभव मागाहून, हा क्रम त्यास कारण होय. खानदेशात तो पालटणे सुलभ आहे.

असोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरकाम व शेतकाम करिताना त्यांनी रचलेली गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने त्यांतील काही घरोघरी पोहोचविली.

प्रथम गाणे ऐकवावे. मग विचारावे, संसाराला चुलीवरील तव्याची जोड का दिली? आईला भाकरी भाजताना पाहिलेले मूल सांगेल : आधी चटका, मग भाकर. येथे ‘जसा’ शब्द साम्य दाखवितो, ही उपमा. मनाच्या गाण्याच्या आरंभी ‘जसे’ नाही, मन हेच पिकात शिरलेले ढोर झाले आहे, हे रूपक. सुगरणीच्या गाण्यात खोपा खराच आहे, तरी त्यातून आईची माया व कष्ट सुचतात, हे प्रतीक. नाव शेवटी सांगावे.

पुढे मुलांनी गुलाबाईची, कानबाईची वा आखाजीची गाणी घरून आणावीत व त्यांत अशी स्थळे शोधावीत. त्यांतील अहिराणी वा अन्य बोलीचे शब्द शिक्षकांनी ‘शुद्ध’ करू नयेत. शब्द बदलला की प्रतिमा नाहीशी होते, आणि घरची भाषा कमी प्रतीची, असा समज होऊन मूल वर्गात अबोल होते.