थेंबाचा पत्ता

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री यांचं पाणी एकाच गोमुखातून पडतं. श्रद्धेने तिथे एकत्र आणलेल्या या नद्यांची डोंगराने मात्र आधीच वाटणी केली आहे. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून, पोलादपूर-महाड करत, बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेची वाट धरते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात पोचते. माथ्यावर पावसाचा थेंब हातभर अलीकडे पडला की पलीकडे, यावर त्याचा समुद्र ठरतो.

अशा रेषा साऱ्या पृथ्वीवर कशा आखायच्या? फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ हे अंतराळयान रडार घेऊन ११ दिवसांच्या मोहिमेवर गेलं. एक अँटेना यानात आणि दुसरी ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला, अशा दोन डोळ्यांनी त्याने जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीचे चढउतार मोजले. पुढे संगणकाने त्या नकाशातल्या प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या सखल चौकोनात सोडून पाहिलं. त्यातून ओढे, नद्या, खोरी आणि खोऱ्यांमधले दुभाजक माथे उमटत गेले.

या खोऱ्यांना क्रमांक देण्याची रीत ओट्टो फाफस्टेटर या ब्राझिली अभियंत्याची. ती समजली तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो. मुखापासून उगमाकडे जायचं. सर्वांत मोठ्या खोऱ्यांच्या चार उपनद्यांना २, ४, ६, ८ हे सम अंक द्यायचे, आणि मधल्या मुख्य प्रवाहाच्या टप्प्यांना १, ३, ५, ७, ९ हे विषम. मग प्रत्येक तुकड्याचे पुन्हा तसेच नऊ भाग. समजा, कृष्णेच्या खोऱ्यात तुंगभद्रेला ४ आणि भीमेला ६ मिळाला. पुण्यात मुठेत सोडलेलं सांडपाणी भीमेतून, म्हणजे ६ मधून, निघतं. ते ५, ३, १ या टप्प्यांतून जाणार, पण ४ मध्ये कधीच शिरणार नाही. नकाशा न उघडता, नुसते आकडे वाचून, कुणाची घाण कुणाच्या दारी जाते ते सांगता येतं! प्रत्येक थेंबाला पत्ता मिळाला, आणि त्या पत्त्यातच त्याचा पुढचा प्रवासही लिहिलेला.

मग या रिकाम्या चौकटींत जीव भरायचे. गोडं पाणी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्कासुद्धा व्यापत नाही, तरी ज्ञात प्रजातींपैकी सुमारे दहा टक्के तिथे राहतात. पश्चिम घाटासाठी हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. मासे, शिंपले-गोगलगायी, चतुर-टाचण्या आणि पाणवनस्पती मिळून १,१४६ प्रजातींचं वास्तव्य उपखोऱ्यांनुसार मांडून प्रत्येकीचा धोका तपासला गेला. सुमारे १६ टक्के धोक्यात निघाल्या. माशांमध्ये हे प्रमाण एक-तृतीयांशाहून जास्त. देवळालीजवळचा एक चिमुकला मासा तर त्या परिसराबाहेर ठाऊकच नाही. तिथला ओढा गेला की ती प्रजातीच संपली.

खोऱ्याची वेस किती खरी असते, हे महसीर या माशाने शिकवलं. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतून एका महसीरची शास्त्रीय नोंद केली. हाच निळसर परांचा महसीर मागच्या शतकात लोणावळ्याला जोपासला गेला, आणि नद्या पुन्हा समृद्ध व्हाव्यात या चांगल्या हेतूने त्याची पिल्लं दूर कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा: पाठीवर मदार असलेला, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. पाहुणे वाढले, घरचा मासा दिसेनासा झाला. २०१८ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. खोऱ्याखोऱ्यांचे नकाशे हाती असते, तर हा घोटाळा टळला असता असं मला ठामपणे वाटतं.

जंगल राखायचं तर आपण कुंपण घालतो. नदीला ते चालत नाही. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे खाडी-नदीतून ओहळात, ओहळातून भातखाचरात अंडी घालायला चढतात. वाटेत एक बंधारा आला की वरचं सारं पाणी त्यांच्यासाठी नसल्यासारखंच. म्हणून दक्षिण आफ्रिकेने २०११ च्या आपल्या राष्ट्रीय नकाशात अग्रक्रमाची उपखोरी निवडलीच, शिवाय त्यांच्या वरच्या अंगाची खोरीही वेगळी दाखवली. तिथे शेती-उद्योग चालू शकतात, मात्र खालच्या पाण्याला बाधा न आणता. माशांच्या ये-जा करण्याच्या वाटा आणि अजून एकही धरण नसलेल्या नद्याही त्यात नोंदल्या आहेत.

आपल्याकडे महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. पुढे काळ सावित्रीलाच मिळते. गावाने डोह राखला आहे. आता त्याच्या वरच्या अंगाच्या प्रत्येक ओहळाचा क्रमांक काढून, तिथे काय बांधायचं आणि काय टाळायचं, हे जिल्ह्याच्या आराखड्यात लिहिता येईल. त्यासाठी लागणारी खोऱ्यांची चौकट इंटरनेटवर फुकट मिळते.