टर्न ४२

आबांच्या वहीत मे १९९८चं एक पान आहे. त्या दिवशी मी, अकरा वर्षांचा, सकाळपासून त्यांच्या हाताखाली होतो. आबा जाऊन चार वर्षं झाली. पान उघडलं की तो दिवस तासातासाने पुढे येतो.

पहाटे ५.००. आबांची दाढी सुरू. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये वीस वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. डिग्री नाही, पण कराडच्या आसपासची गावं त्यांना इंजिनेर आबा म्हणतात.

सकाळी ६.३०. बैलगाडीतून पाच एचपीची मोटर उतरते. रात्री लाइट आली, एक फेज गेला, मोटर जळाली. "आबा, ऊस वाळाय लागलाय." आबा वाकून वास घेतात. "भराय लागंल. उद्या सकाळी या."

७.००. पुलरने बेअरिंग निघतं. छिन्नी-हातोडीने जुनं वाइंडिंग तुटतं. २४ स्लॉट. एक कॉइल उलगडून तारेचे वेढे मोजतात. ४२ टर्न. आकडा खडूने पाटीवर.

९.००. भाकरी, कांदा, ठेचा. मग प्रत्येक स्लॉट घासून त्यात कागद. भिंतीवर देवाशेजारी रामा राघोबा राणे यांचा फोटो. बॉम्बे सॅपर्सचेच, परमवीर चक्रवाले. एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली.

११.००. नवी कॉइल गुंडाळायला आबा हँडल फिरवतात, मी टर्न मोजतो. एसटी हॉर्न वाजवत जाते. मी एकतीसवर की बत्तीसवर? "बत्तीस असंल," मी म्हणतो. आबा थांबतात. रागावत नाहीत. अख्खी कॉइल उलगडतात.

हात चालू ठेवून सांगतात. ७१च्या लढाईनंतर ते सरहद्दीवर सुरुंग उचलत होते. संध्याकाळी रजिस्टरात एक कमी भरला. दुसऱ्या दिवशी सगळा पट्टा परत, गुडघ्यावर. "पेरलं तेवढं उचलायचं. मोजणाऱ्यानं खाली सही करायची. असंल म्हणून सही हुईत न्हाय."

दुपारी १.३०. पत्रा तापलाय. बांबूच्या पट्टीने तारा स्लॉटमध्ये बसतात. जोर लावला की तारेचं इनॅमल जातं. सुरुंग शोधायची सळईही अशीच हळू, तिरकी घालायची, आबा म्हणतात. सरळ घातली तर दाब सुरुंगाच्या माथ्यावर.

४.३०. जोडण्या, स्लीव्ह, दोऱ्याची बांधणी. आबांच्या बोटांना तारेचे काप. हळद लावून पुन्हा काम.

६.००. सिरीज दिवा. एक वायर बॉडीला, एक कॉइलला. दिवा पेटला तर दिवस वाया. पेटत नाही.

७.३०. वार्निश ओतून आत २०० वॉटचा बल्ब सोडतात, वर गोणपाट. रात्रभर सुकेल. लाइट गेली तर उठून बघायचं.

रात्री ९.००. वही. तार साडेतीन किलो, १७०च्या दराने ५९५. कागद, स्लीव्ह, वार्निश ९०. मजुरी ३५०. एकूण १,०३५. जमा ५००. बाकी ५३५, ऊस गेल्यावर. त्या बाकीवर पुढे काट मारलेली आहे, जानेवारीची तारीख घालून.

शेवटची ओळ: टर्न ४२. आबा पेन माझ्या हातात देतात. पानाच्या तळाशी माझी सही आहे, वाकडी, पूर्ण नावानिशी.